देवासाठी विज्ञानाला साक्षीला बोलावू नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) :

पत्र लिहिणाऱ्या ताईंचं वय ३४. नगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती घरात वाढल्या, वडील चर्चचे निवृत्त पाळक. पीएच.डी. आणि परदेशातलं पोस्टडॉक आटोपून आता पुण्यात सहायक प्राध्यापक आहेत, नोकरी अजून पक्की व्हायची आहे. क्लेबसिएला हा जिवाणू प्रतिजैविकांना दाद न देण्याची ताकद पिढ्यान्पिढ्या कशी कमावतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. म्हणजे रोजचं काम उत्क्रांतीचंच.

त्या लिहितात : "आडनावावरून मी ख्रिस्ती आहे हे सगळ्यांना कळतं, पण मी प्रार्थना करते हे लॅबमध्ये कुणालाही माहीत नाही. विवेकवादी चळवळीत काम करणारे एक ज्येष्ठ सहकारी कॅन्टीनमध्ये म्हणाले की, देव मानणाऱ्याचा वैज्ञानिक दृष्टिकोन अर्धाच असतो. मी सगळ्यांबरोबर हसले. एका विद्यार्थिनीने विचारलं, 'मॅडम, तुम्ही चर्चला जाता का?' मी म्हटलं, 'आता कुठे वेळ मिळतो!' तिकडे आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंच म्हणतात की, मे महिन्यातल्या तरुण शिबिरात 'विज्ञानाने सिद्ध केलेलं पवित्र शास्त्र' (म्हणजे बायबल) या विषयावर बोल. उत्क्रांती खोटी आहे हे आपल्याच लेकीच्या तोंडून मुलांना कळू दे, असं मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांचं म्हणणं. शिवाय माझे जिवाणूंचे कल्चर रविवारीही बदलावे लागतात, त्यामुळे उपासना बुडते आणि आई नाराज होते. विज्ञान सोडू की मंडळी सोडू? की जन्मभर अशी दोन माणसं होऊन जगायचं?"

आणि शेवटी : "हे विषयाला सोडून आहे, माफ करा. गेल्या वर्षी बहिणीचं बाळ नवव्या दिवशी गेलं. रिपोर्टमध्ये क्लेबसिएला होता. घरी आलेले लोक 'परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं' म्हणत होते. मी काहीच बोलले नाही."

ताई, सप्रेम सलाम.

शेवटचा परिच्छेद विषयाला सोडून नाही. तुमचं पत्र वाचताना मला असं वाटत राहिलं की बाकीची सगळी पानं त्या परिच्छेदापर्यंत पोचण्यासाठी लिहिली गेली असावीत. त्याकडे मी येणार आहे. पण आधी इतर गोष्टींचा गुंता थोडा सोडवू, कारण त्यांतल्या काही तुम्हाला वाटतात तेवढ्या कठीण नाहीत आणि काही वेगळ्याच कारणाने कठीण आहेत.

लॅबपासून सुरुवात करते. तिथे सगळे अश्रद्ध आणि मी एकटी श्रद्धावान, असं तुम्ही गृहीत धरलंय. पण पत्रात दुसऱ्याच ओघात तुम्ही सांगता की खंडेनवमीला तुमच्या विभागात पीसीआर मशीनला आणि सेंट्रिफ्यूजला झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू वाहतात, पेढे वाटतात. तुम्हीही पेढा घेता आणि छान वाटतं, असंही लिहिलंय. त्या दिवशी कुणी कुणाला विचारत नाही की तुमची श्रद्धा तुमच्या विज्ञानाशी कशी जुळते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. जे सगळ्यांचं असतं ते श्रद्धा म्हणून नजरेत भरत नाही, घरचं वळण वाटतं. एखाद्याचंच असलं की लगेच दिसतं. तेव्हा तुमची भीती वैज्ञानिकाची आहे की अल्पसंख्याकाची, हे एकदा स्वतःशी नीट तपासून पाहा. मला ती बरीचशी दुसऱ्या प्रकारची वाटते. 'मी चर्चला जाते' म्हटलं की समोरच्याच्या मनात धर्मांतर हा शब्द येईल, मिशनरी म्हणून शिक्का बसेल, आणि नोकरी तर अजून पक्की नाही. ही धास्ती खरी आहे, तिला कमी लेखू नका. पण ती विज्ञान आणि विश्वास यांच्यातल्या झगड्याची नाही. तिच्यावर पवित्र शास्त्रातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात किंवा क्लेबसिएलाच्या जीनोममध्ये उत्तर शोधत बसलात तर सापडणार नाही.

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी संविधानाचा दाखला दिला, असंही तुम्ही लिहिता. तो बरोबरच आहे. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१क आला आणि वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरलं. त्याच संविधानाचा अनुच्छेद २५ सद्सद्विवेकबुद्धीचं आणि धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देतो. संविधानाने एकाच नागरिकाकडून दोन्हींची अपेक्षा केली आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणजे पुरावा जिकडे नेईल तिकडे जायची तयारी, आणि ती तुमच्याकडे आहे की नाही हे तुमच्या शोधनिबंधांवरून ठरेल, रविवारी सकाळी तुम्ही कुठे असता यावरून नाही.

कॅन्टीनमध्ये पुन्हा विषय निघाला तर भाषण देऊ नका. एक साधं वाक्य पुरे : "सर, मी विश्वास ठेवते आणि रविवारी उपासनेला जाते. माझ्या डेटात काही खोट दिसली तर मात्र जरूर सांगा." एवढं शांतपणे म्हणता आलं की पुष्कळदा विषय तिथेच मिटतो, आणि नाही मिटला तरी तुम्ही खोटं बोललेल्या नसता. शिवाय हे गृहस्थ तुम्हाला वाटतात तेवढे विरोधी पक्षातले नाहीत. प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या एखाद्या चंगाई सभेत कुणी टीबीच्या पेशंटला गोळ्या बंद करायला सांगत असेल, तर त्याविरुद्ध तुम्ही दोघंही उभे राहाल. अर्धवट सोडलेल्या औषधांतून न बरा होणारा टीबी कसा तयार होतो, हे तुमच्याइतकं मंडळीत कुणाला कळतं? तिथे बोलणं हे एकाच वेळी शास्त्रज्ञाचं आणि विश्वासणाऱ्याचं काम आहे.

त्या विद्यार्थिनीचा विषय मात्र थोडा वेगळा. ती ख्रिस्ती आहे की नाही, तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक ती आधार शोधत होती. तिला पुन्हा गाठा आणि सांगा, "त्या दिवशी मी उत्तर टाळलं. हो, मी जाते." यापलीकडे तिने विचारलं तरच बोला, आणि शक्यतो लॅबच्या बाहेर, चहा पिताना. ज्या मुलांचे गुण, शिफारसपत्रं आणि फेलोशिप आपल्या हातात असतात त्यांच्यापुढे आपला धर्म रेटायचा नाही, हे पथ्य फार महत्त्वाचं आहे. पण रेटू नये म्हणून लपवावं, असं कुठे आहे?

आता शिबिर. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण हा प्रश्न घेऊन मला लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. वसईचे इंजिनिअर लिहितात, कोल्हापूरच्या रसायनशास्त्राच्या शिक्षिका लिहितात.

पंचांनी दिलेला विषय घेऊ नका. 'विज्ञानाने सिद्ध केलेलं पवित्र शास्त्र' हे शीर्षकच पवित्र शास्त्राला आणि विज्ञानालाही धोक्यात टाकणारं आहे. का, ते सांगण्यासाठी जॉर्ज लमेत्र यांची हकिगत पुरेशी आहे.

लमेत्र बेल्जियमचे, कॅथलिक धर्मगुरू आणि पट्टीचे भौतिकशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७ साली आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून मांडलं, तेव्हा खुद्द आइन्स्टाइन ते मानायला तयार नव्हते. १९३१ मध्ये त्यांनी 'आदिम अणू'ची कल्पना मांडली, जिच्यातून पुढे महास्फोटाचा सिद्धान्त उभा राहिला. काही शास्त्रज्ञांना या कल्पनेला चर्चमधल्या धुपाचा वास येत होता : पाद्रीच तो, त्याला विश्वाची सुरुवात हवीच असणार! आणि नेमकं नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढच्या भाषणात, विज्ञान आता निर्मितीच्या त्या पहिल्या क्षणाची साक्ष देतंय, अशा आशयाचं सांगितलं. कोणत्याही धर्मगुरूला आनंदच झाला असता. लमेत्र अस्वस्थ झाले. सिद्धान्त अजून वादात होता. उद्या तो चुकला तर त्याच्याबरोबर देवही चुकीचा ठरणार का? त्यांनी आपली नाराजी व्हॅटिकनपर्यंत पोचवली, आणि १९५२ च्या सप्टेंबरात पोप जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलले तेव्हा तो दावा त्यांनी पुन्हा केला नाही. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नांच्या बाहेरचा आहे, असं लमेत्र शेवटपर्यंत म्हणत राहिले. १९६६ मध्ये ते वारले. त्याच्या थोडं आधी, महास्फोटाच्या उरलेल्या प्रारणाचा शोध लागल्याची बातमी त्यांच्या कानावर गेली होती. म्हणजे सिद्धान्त बरोबर ठरला. तरीही त्याच्या जोरावर देव सिद्ध करायचा नाही हा त्यांचा आग्रह तितकाच बरोबर होता, असं माझं ठाम मत आहे.

आता उलट बाजू. उत्क्रांती मानणारा ख्रिस्ती असूच शकत नाही, असं मंडळीतले ते वडीलधारे म्हणतात. त्यांना एसा ग्रे यांच्याबद्दल सांगा. ग्रे हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ, प्रेस्बिटेरियन, नियमाने चर्चला जाणारे. डार्विनने आपली कल्पना छापण्याआधी ज्या मोजक्या लोकांना पत्रातून कळवली, त्यांत ते होते. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचे जे लेख वाचले गेले, त्यात डार्विनने ग्रे यांना लिहिलेल्या पत्राचा भाग होता. अमेरिकेत डार्विनची बाजू सर्वांत समर्थपणे मांडली ती याच चर्चला जाणाऱ्या माणसाने. पुढच्या शतकात जनुकशास्त्रज्ञ थिओडोसियस डोब्झान्स्की झाले. उत्क्रांतीच्या प्रकाशाशिवाय जीवशास्त्रात कशालाच अर्थ लागत नाही, हे तुम्ही विद्यार्थ्यांना सांगता ते सूत्र त्यांच्या १९७३ च्या लेखाचं शीर्षक आहे. त्याच लेखात ते स्वतःला निर्मिती मानणारा आणि उत्क्रांती मानणारा, दोन्ही म्हणवतात. ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. मानवी जीनोम प्रकल्पाचं नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स इव्हँजेलिकल ख्रिस्ती आहेत. आणि पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्पत्तीवर भाष्य लिहिणाऱ्या संत ऑगस्टीन यांनी तेव्हाच बजावून ठेवलंय की, आकाश, तारे, प्राणी यांविषयी जाणकार माणसाला जे अनुभवाने ठाऊक आहे त्याबद्दल ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राच्या नावाखाली काहीतरी ठोकून देणं लाजिरवाणं आहे. मग पुनरुत्थानाविषयी आपण बोललेलं कोण ऐकेल? पंचांपुढे डार्विनपेक्षा ऑगस्टीन नेलेला बरा.

मात्र ग्रे यांची गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धीच राहते, आणि राहिलेला अर्धा भाग थेट तुमच्या टेबलावर येतो. जीवांमध्ये फरक का उपजतात हे त्या काळी कुणालाच माहीत नव्हतं. ग्रे यांनी सुचवलं की देव हे फरक उपयोगी दिशांनी वळवत असेल. डार्विनला ते पटलं नाही. पुढे १९४३ मध्ये लुरिया आणि डेलब्रुक यांनी तो प्रयोग केला जो तुम्ही दरवर्षी वर्गात शिकवत असाल. जिवाणू वेगवेगळ्या नळ्यांमध्ये स्वतंत्रपणे वाढवायचे आणि मग त्यांना मारणारे विषाणू पसरलेल्या प्लेटवर ओतायचे. विषाणू भेटल्यावर, त्याला उत्तर म्हणून प्रतिकार उपजत असता तर सगळ्या प्लेटवर जगलेल्या जिवाणूंच्या साधारण सारख्याच वसाहती (ठिपके) उगवल्या असत्या. प्रत्यक्षात काही प्लेट रिकाम्या राहिल्या आणि एखादीवर शंभरावर वसाहती. म्हणजे बदल आधीच, गरजेचा पत्ता नसताना घडलेला होता. ग्रे यांनी ज्या फटीत देवाचा हात ठेवला होता ती फट अशी बुजली.

यातून ग्रे यांचा विश्वास खोटा ठरत नाही. विज्ञानाला अजून न कळलेल्या जागी देव बसवण्याची पद्धत चुकीची ठरते. ऑक्सफर्डचे चार्ल्स कूलसन रसायनशास्त्रज्ञ होते आणि मेथडिस्ट उपदेशकही. त्यांचं म्हणणं असं की देव असेल तर सगळ्या सृष्टीत आहे, नाहीतर कुठेच नाही. मला हे पटतं. तुमच्या प्लेटवर वसाहत उगवते तेव्हा तिच्यातलं अमुक उत्परिवर्तन (जनुकातला बदल) देवाचं आणि तमुक आपोआप, अशी वाटणी करायची गरजच नाही. प्रतिकार कसा आला, हे तुम्ही तुमच्या शेजारच्या नास्तिक सहकाऱ्याच्याच पद्धतीने शोधणार. तुमचा विश्वास त्या पद्धतीत काही भर घालत नाही, घालूही नये. तो दुसरीकडे दिसतो : ग्राफमधला न जुळणारा बिंदू तुम्ही पुसत नाही, विद्यार्थ्याच्या कामावर त्याचंच नाव पहिलं राहतं, आणि हा विषय तुम्ही का निवडलात त्यात. 'खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा लॅबलाही लागू आहे आणि शिबिराच्या व्यासपीठालाही. तुम्हाला जे खोटं वाटतं ते मुलांना खरं म्हणून सांगायचं, हे देवासाठी केलं तरी ती आज्ञा मोडणंच.

म्हणून शिबिराला जा, पण तुमच्या विषयासह. पंचांना आधी लेखी कळवा, म्हणजे नंतर गैरसमज नको. साधारण असं : "मी 'विज्ञानाच्या कामात ख्रिस्ती माणूस' यावर बोलेन. माझं संशोधन उत्क्रांतीवर आहे आणि ती खोटी आहे असं मी सांगू शकणार नाही. मुलांनी प्रश्न विचारले तर मला माहीत आहे तेवढं खरं सांगेन." त्याआधी पाळकसाहेबांशी एकट्याने बोलून घ्या, सभेत त्यांची पंचाईत होऊ देऊ नका. नको म्हणाले तर वाद न घालता या वर्षी बाजूला राहा, आणि रविवार शाळेत शिकवत असाल तर ते चालू ठेवा. हो म्हणाले तर मुलांना प्लेटांचे फोटो दाखवा. पहिल्या दिवशी औषधाभोवती मोकळं वर्तुळ आहे आणि काही आठवड्यांनी ते वर्तुळच उरलेलं नाही, हे शिबिरातल्या दहावी-बारावीच्या मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहू दे. त्यांतली कितीतरी मुलं पुढे 'नीट' परीक्षा देऊन मेडिकलला जातील, बी.एस्सी.ला जातील. 'उत्क्रांती किंवा येशू, एकच निवडा' असं आपणच त्यांना शिकवून पाठवलं, तर पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राच्या वर्गात ती आपल्या शिकवणीप्रमाणे निवड करतील, आणि मग मंडळीत तरुण का दिसत नाहीत म्हणून आपण उपवास प्रार्थना ठेवू.

एकटेपणाबद्दल थोडंसं. तुमच्या वाटेवर आपल्याच भागात माणसं चालून गेली आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे. त्यांच्यानंतर तिथे काम केलेले स्पेनहून आलेले जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचे) फादर सांतापाव यांनी खंडाळ्याचे डोंगर पालथे घालून तिथल्या वनस्पतींचा ग्रंथ तयार केला, पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची धुरा सांभाळली आणि भारताचे नागरिक झाले. हर्बेरियमच्या कागदावर वनस्पतीचं नाव, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव असतं, वचन नसतं. त्याच झेवियर्समध्ये भौतिकशास्त्र शिकलेले, गोवा प्रांताचे जेझुइट फादर रिचर्ड डिसूझा २०२५ मध्ये व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक झाले. देवयानी दीर्घिकेने पूर्वी एक मोठी दीर्घिका गिळली असावी, हा त्यांचा २०१८ चा शोधनिबंध खगोलशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात आला, आणि त्यातल्या मांडणीवरून लेखक धर्मगुरू आहे हे कळायला मार्ग नाही. तुमच्या पंचांना ही नावं कॅथलिक म्हणून परकी वाटतील कदाचित. तुम्हाला वाटू देऊ नका.

रविवारचा प्रश्न व्यवहाराचा आहे, तो व्यवहारानेच सोडवा. चोवीस तासांनी कल्चर बदलायचे तर सहकाऱ्यांशी पाळ्या लावा : त्यांनी तुमचा रविवार पाहायचा, तुम्ही त्यांची गणपतीची आणि लक्ष्मीपूजनाची सुट्टी पाहायची. नमुने ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर गोठवून ठेवले की प्रयोग काही दिवस थांबवून पुन्हा सुरू करता येतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. अमेरिकेत १९८८ पासून चालू असलेल्या जिवाणूंच्या प्रसिद्ध प्रयोगातही दर ५०० पिढ्यांनी नमुने गोठवले जातात, म्हणूनच तो अडथळे पचवून टिकला. आणि एखाद्या रविवारी जावंच लागलं तर आईला सांगा की शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी झाला, हे प्रभूचंच म्हणणं आहे.

आता बाळ.

ताई, तुम्ही उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि उत्क्रांती यांच्यात अडकला आहात, असं तुमचं पत्र म्हणतं. मला तसं वाटत नाही. तो प्रश्न तुम्ही मनात केव्हाच सोडवला असावा, नाहीतर या विषयात पीएच.डी. केली नसती. तुम्हाला गप्प केलंय ते वेगळ्या प्रश्नाने. जो जिवाणू तुम्ही रोज सकाळी एका फ्लास्कमधून दुसऱ्यात घालता, ज्याची वाढ पाहून कधी आनंदही होतो, त्यानेच तुमच्या घरातलं नऊ दिवसांचं मूल नेलं. ज्या प्रक्रियेतून डोळा घडला, फुलं घडली, तीच हेही घडवते. डार्विनने १८६० च्या मे महिन्यात ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात हेच विचारलं होतं. जिवंत अळीच्या आत आपली पिल्लं पोसणारी गांधीलमाशी दयाळू देवाने मुद्दाम घडवली असेल, हे त्याला मानवत नव्हतं. ग्रे यांच्याकडे त्यावर शेवटचं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. ज्यांच्याकडे आहे असं ते म्हणतात, त्यांच्यापासून सध्या थोडं लांब राहा.

पण घरी आलेल्या लोकांनी जे वाक्य म्हटलं, त्याबद्दल मला बोलायचंय. 'परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं' हे पवित्र शास्त्रातल्या ईयोबाने स्वतःच्या मेलेल्या मुलांविषयी, स्वतःच्या तोंडाने म्हटलं. ते म्हणण्याचा हक्क त्याचाच होता. दुसऱ्याच्या मुलाबद्दल, त्याच्या आईसमोर, ते म्हणायचं नसतं. आणि पुढे दोनच अध्यायांनी तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, मग पानंच्या पानं देवाशी भांडतो. त्याचे मित्र मात्र देवाची बाजू घेऊन बरोबर-बरोबर बोलत राहतात. शेवटी परमेश्वराचा राग भडकतो तो त्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तुम्ही नाही, असं तो त्यांना सुनावतो. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, तेव्हा ती जास्त पापी होती का, या हिशेबाला येशू साफ नाही म्हणतो. आपल्याच शास्त्रात इतकं सगळं असताना तुम्ही त्या दिवशी गप्प राहिलात, याचं ओझं बाळगू नका. त्या खोलीत कदाचित तुमचंच वागणं शास्त्राला धरून होतं.

दुसरंही आहे, आणि ते तुम्हालाच कळतं. भारतात नवजात बाळांच्या सेप्सिसमागे (रक्तात पसरणाऱ्या जंतुसंसर्गामागे) जे प्रमुख जिवाणू आहेत त्यांत क्लेबसिएला आहे, आणि त्याच्या प्रतिकारामागे माणसांचे हात आहेत : सर्दीपडशाला बेधडक दिलेली प्रतिजैविकं, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्या, अपुऱ्या नर्सेस, न धुतलेले हात, एका इन्क्युबेटरजवळून दुसऱ्याजवळ घाईने जाणारी माणसं. अमुक बाळाच्या बाबतीत काय झालं हे मला माहीत नाही, आणि कुणाला दोषी धरायचं म्हणून मी हे लिहीत नाही. पण 'देवाची इच्छा' हे शब्द फार लवकर उच्चारले की हे सगळं त्याखाली झाकलं जातं. जे टाळता आलं असतं त्याचं खापर देवावर फोडणं ही श्रद्धा नव्हे. तुमचं संशोधन नेमकं ते झाकण उचलतं. विश्वास आणि विज्ञान तुमच्या आयुष्यात कुठे एकत्र येतात, असं विचारलंत ना? मला तरी ते इथे आलेले दिसतात, आणि तुम्हाला ते मुद्दाम जुळवावे लागलेले नाहीत.

बहिणीशी बोला. तिला उपदेश नको आणि जिवाणूशास्त्रही नको, तिने विचारेपर्यंत. मात्र कधीतरी ती विचारेल, "तू तर यावरच काम करतेस, मग नक्की काय झालं होतं?" तेव्हा टाळू नका. तिला कळेल अशा भाषेत खरं सांगा, जितकं माहीत आहे तितकंच, आणि गरोदरपणात तिने काही चूक केली असं तिला वाटत असेल तर तसं काही नव्हतं हे अगदी स्पष्ट सांगा. खूप आया वर्षानुवर्षं मनात स्वतःला दोष देत राहतात, आणि तो काढून टाकायला तुमच्या शब्दाला जेवढं वजन आहे तेवढं पाळकांच्या शब्दालाही नसेल.

आणखी एक नाव तुमच्या पत्रात फक्त एकदा येतं : वडील. पंच काय म्हणतात, आई काय म्हणते, सहकारी काय म्हणतात, सगळं आहे. वडील काय म्हणतात हे नाही. ज्या माणसाने गावोगावच्या मंडळ्यांत सेवा केली, त्याने अशा लहान शवपेट्यांपुढे किती वेळा प्रार्थना केली असेल आणि घरी येऊन कुणाला काय सांगितलं असेल, याचा विचार केलाय का? तुम्ही उत्क्रांती शिकवता हे कळलं तर त्यांना काय वाटेल, ही काळजी तुम्हाला आहे. मला वाटतं त्यांना ते माहीत आहे. मुलीच्या थीसिसचं शीर्षक कोणता बाप वाचत नाही? शिबिराचं पत्र पंचांना द्यायच्या आधी नगरला जा आणि ते त्यांना वाचून दाखवा. मग बाळाचा विषय तुम्हीच काढा. ते पाळक म्हणून काही बोलायला लागले तर म्हणा, "पप्पा, प्रवचन नको, तुम्हाला काय वाटलं ते सांगा."